गुठळी किती वाजताची?

मे महिना. संध्याकाळचे पाच वाजायला दहा मिनिटं कमी. जाऊबाईंचा फोन आला. "अगं, यांना ऊन लागलं वाटते. तोंडातल्या तोंडात बोलून राहिले. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं, तर ठसकाच लागला."

नागपुरात मे महिन्यात माणूस आडवा झाला की पहिलं नाव उन्हाचंच निघतं. पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तिथं दुसरं काय सुचणार? मी एवढंच म्हटलं, "दोन्ही हात वर उचलायला सांगा त्यांना." फोन ठेवल्याचा आवाज आला. कूलरची घरघर ऐकू येत राहिली. मग जाऊबाईंचा आवाज, "उजवा पडूनच राहिला गं."

ऊन एका बाजूला लागत नाही. एका बाजूला होतो तो लकवा, म्हणजे अर्धांगवायू.

मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. पहिली तेरा कॅज्युअल्टीत, पुढची अठरा डायलिसिसमध्ये. दोन्हीकडे रक्ताच्या गुठळीशीच गाठ पडत राहिली. तिकडे मेंदूच्या नसेत, इकडे छातीतल्या प्लास्टिकच्या नळीत. दोन्हीकडे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन एकाच घराण्यातलं. ते घरी देता येत नाही आणि देऊही नये. पण पेशंटला ते मिळणार की नाही, हे बरंचसं घरच्यांच्या हातात असतं, आणि ते घरच्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून हे लिहिते.

आधी ते इंजेक्शन करतं काय, ते समजून घ्या. गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळीचा असतो. ती जाळी कापणारी कात्री आपल्याच रक्तात म्यान करून ठेवलेली असते. इंजेक्शन ती म्यानातून बाहेर काढतं, एवढंच. अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज, युरोकायनेज, जुनं स्ट्रेप्टोकायनेज, सगळ्यांचं मूळ काम हेच. आता झुणक्याची कढई आठवा. जेवण झाल्या झाल्या पाणी टाकलं तर हातानं निघते. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी उलथन्यानं खरवडा. गुठळीचंही तसंच, ताजी असेल तर विरघळते. मेंदूच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. रक्त बंद झालेला भाग जसजसा मरतो तसतशा तिथल्या नसाही कच्च्या पडतात, आणि उशिरा रक्त सोडलं तर तिथंच फुटून वाहू लागतं. त्यामुळे डॉक्टर सारखं एकच विचारत राहतात: किती वाजता झालं? आणि घरचे सारखं एकच चुकीचं उत्तर देत राहतात.

<b>आधी वेळ</b>

चुकीचं उत्तर म्हणजे "आम्ही पाहिलं तेव्हा". डॉक्टरांना हवी असते ती वेळ वेगळी: माणूस शेवटचा धडधाकट कधी होता? चारला तुम्हाला तोंड वाकडं दिसलं, पण दोन वाजता बोलून-चालून ठीक होता आणि मधे कोणी पाहिलं नाही, तर घड्याळ दोनपासून सुरू. सकाळी सहाला झोपेतून उठताना हात हलेना, तर घड्याळ रात्री झोपला तेव्हापासून. मात्र इथं एक प्रश्न विसरू नका: रात्री बाथरूमला उठले होते का? साडेतीनला उठून, दिवा लावून, नीट चालत गेले होते असं कोणी सांगितलं, की पाच तास वाचले. मोठ्या ठिकाणी झोपेतल्या झटक्यासाठी एमआरआय काढूनही अंदाज बांधतात, पण तो सगळीकडे मिळत नाही, आणि नेमकी वेळ सांगणारा साक्षीदार केव्हाही स्वस्त.

आमच्या दिरांचंच पाहा. सकाळी अकराला ते इतवारीला जातो म्हणून स्कूटरवर निघाले. पावणेचारला आले आणि कोणाशी न बोलता कूलरसमोर दिवाणावर पडले. सव्वाचारला चहासाठी उठवलं तर ही अवस्था. पुतण्याला वाटलं बाबांच्या तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आहे, म्हणून असं बोलून राहिले. (विदर्भात खर्रा हा अर्धांगवायूचा मोठा साथीदार. बोबडं बोलणं रोजचंच असलं की आजचं बोबडं वेगळं आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.) कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "शेवटचे नॉर्मल कोणी पाहिले?" जाऊबाई म्हणाल्या, सकाळी अकराला. तेव्हा वाजले होते संध्याकाळचे सहा पन्नास. म्हणजे आठ तास होत आलेले. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. डॉक्टरचा चेहरा मी पाहिला, आणि तो का पडला हे त्या खोलीत घरच्यांपैकी फक्त मला कळलं.

मी दिरांचा मोबाईल मागितला. ३.२२ ला एका पानठेल्यावर तीस रुपये गेलेले. पुतण्यानं तिथं फोन लावला. ठेलेवाला म्हणाला, "काका बरोब्बर होते जी. चुना कमी टाक म्हणाले, निवडणुकीच्या गोष्टी केल्या, गाडीला किक मारून गेले." डॉक्टरनं फोन स्वतःच्या कानाला लावून दोन प्रश्न विचारले आणि केसपेपरवर ३.२२ लिहिलं. खर्‍यानं आयुष्यभर केलेलं नुकसान त्या एका पुडीनं थोडंसं फेडलं, असं मी दिरांना अजूनही चिडवते.

तेव्हा पेशंटचा मोबाईल सोबत घ्या. शेवटचा फोन, शेवटचं पेमेंट, शेवटचा आवाजी मेसेज. आणि वेळ नक्की झाली की कागद शोधत बसू नका, बॉलपेननं स्वतःच्या हातावर लिहा. गोंधळात कागद हरवतो, हात हरवत नाही.

<b>घरात करायचं आणि न करायचं</b>

ओळखायला तीन गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एकीकडे ओढतं का. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगा, एक खाली येतो का. एक सोपं वाक्य म्हणायला लावा, जीभ अडखळते का किंवा भलतंच बोलतो का. तोंडात खर्रा असेल तर आधी काढून टाका आणि मग बोलायला लावा. अचानक एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं, अचानक तोल जाऊ लागला, तेही यातच. यातलं एक जरी असलं तरी निघायचं. दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरी निघायचं. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

पाणी, चहा, पन्हं, साखर, काही पाजू नका. गिळायची ताकद गेलेली असते आणि घोट फुफ्फुसात जातो. जाऊबाईंनी पाजलेल्या पन्ह्यानं दिरांना नंतर न्यूमोनिया झाला, सहा दिवस अँटिबायोटिक चाललं. ॲस्पिरिन देऊ नका. हार्टच्या दुखण्यात ती गोळी पटकन देतात हे लोकांना ऐकून ठाऊक असतं, पण इथं आत गुठळी आहे की नस फुटली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही नाही. जिभेखाली बीपीची गोळी ठेवायचं खूळ अजून आहे, तेही नको. त्या वेळी वाढलेलं बीपी बंद नसेच्या पलीकडे जमेल तेवढं रक्त ढकलत असतं, ते एकदम पाडलं तर उरलेलाही पुरवठा जातो. तेल चोळणं, हात ओढून सरळ करणं, कबुतराचं रक्त आणणं, यातलं मी सगळं पाहिलंय. कबुतर आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत साडेचार तास होऊन गेलेलेही पाहिलेत.

घरात शुगर मोजायचं मशीन असेल तर एक थेंब बघा, पण निघायच्या तयारीत बघा. डायबेटिसच्या पेशंटची शुगर फार उतरली की हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. आकडा सांगा, बाकी ते बघतील.

१०८ ला फोन लावा. दारात चारचाकी उभी असेल आणि ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर गाडीनं न्या. पण स्कूटरवर मधे बसवून दोन बाजूंनी दोघांनी धरून नेऊ नका. आपल्या शहरात हे सर्रास चालतं, आणि अर्धांग गेलेला माणूस अजनीच्या पुलावर घसरून पडून डोकं फोडून येतो. डोक्याला मार लागला की ते इंजेक्शनही गेलं.

सोबत काय घ्यायचं? चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, विशेषतः रक्त पातळ करणार्‍या. मोबाईल. आणि ज्यानं पाहिलं तो माणूस. नेहमी होतं उलटंच: पाहणारी बाई घरात रडत राहते आणि काही न पाहिलेले चार पुरुष दवाखान्यात येतात. आधार कार्ड मागाहून आणता येतं.

<b>दवाखाना आजच ठरवून ठेवा</b>

इथं मी स्वतः चुकले, म्हणून थांबून सांगते. दिरांना घेऊन आम्ही घराजवळच्याच एका दवाखान्यात शिरलो. ओळखीचे डॉक्टर, पायरीपाशी गाडी लागते, म्हणून. तिथं सलाईन लावलं, ईसीजी काढला, फाईल केली आणि पस्तीस मिनिटांनी सांगितलं की सीटी नाही, पुढं न्या. एकतीस वर्षं ज्या बाईनं दुसर्‍यांच्या नातेवाइकांना याच कारणासाठी सुनावलं, ती स्वतःच्या घरचा माणूस घेऊन तिथंच जाऊन बसली. घाबरलेला माणूस जवळच्या दारात शिरतो. त्यात शिक्षण कामाला येत नाही, आधी ठरवलेलं कामाला येतं.

तेव्हा आज, सगळे ठणठणीत असताना, फोन करून तीन गोष्टी विचारा. रात्री दोन वाजता सीटी चालू असतो का, की तंत्रज्ञाला घरून बोलवावं लागतं? लकव्याचं इंजेक्शन द्यायचा निर्णय घेणारा डॉक्टर त्या वेळी हजर असतो किंवा फोनवर तरी असतो का? आणि ते इंजेक्शन दवाखान्यात ठेवलेलं असतं, की चिठ्ठी देऊन "मेडिकलमधून आणा" म्हणतात? नागपुरात मेडिकल म्हटलं की एकाला औषधाचं दुकान कळतं, दुसर्‍याला मेडिकल कॉलेज. एकदा अशा गोंधळात एक पोट्टा चिठ्ठी घेऊन थेट मेडिकल चौकात जाऊन आला होता. हसू येतं, पण त्या वेळी घड्याळाकडे बघवत नव्हतं. मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब मांडलेला आहे.

धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने आहेत, शिवाय मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. मानेवाड्याहून कुठं लवकर पोचता येतं आणि कामठीहून कुठं, हे वेगवेगळं. काटोल, उमरेड, कळमेश्वरकडच्यांनी तर वाटेवर सीटी कुठं कुठं आहे हेही बघून ठेवावं. नंबर फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे आता आहे.

<b>कॅज्युअल्टीत</b>

दारातूनच मोठ्यानं सांगा: "लकवा, शेवटचे ठीक ३.२२ ला." हे एक वाक्य सगळ्या गर्दीतून वाट काढतं. मग होतं असं की शुगर बघतात, बीपी बघतात, साधा सीटी काढतात. सीटी कशाला, तर आत रक्तस्राव नाही ना हे बघायला. नव्या गुठळीच्या झटक्यात पहिल्या तासांत सीटी बरेचदा साफ दिसतो. घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आला, मग इंजेक्शन कशाला?" नॉर्मल आला म्हणूनच तर इंजेक्शन.

प्रश्नांची सरबत्ती होईल. गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार, आधीचा लकवा? मेंदूचं ऑपरेशन? मेंदूत कधी रक्तस्राव? पोटात अल्सर, काळी शी? नुकतं कुठलं मोठं ऑपरेशन? रक्त पातळ करायची गोळी, शेवटची किती वाजता घेतली? हे विचारण्यामागं साधं कारण आहे. त्या कात्रीला चांगली गुठळी आणि वाईट गुठळी ओळखता येत नाही. मेंदूतली कापेल तशी अल्सरवर धरलेली खपलीही कापेल. म्हणून लपवू नका. सासर्‍यांची दारू सुनेसमोर सांगायची लाज वाटते, तर डॉक्टरला बाजूला नेऊन सांगा. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी शिरेतून औषध देऊन खाली आणतात, मगच पुढं.

मग येते सही. इथं वेळ सगळ्यात जास्त जातो. पुण्याचा मुलगा, दुबईचा जावई, सगळ्यांना फोन. आकडे माझ्याकडून ऐकून ठेवा, म्हणजे त्या वेळी नव्यानं समजून घ्यावे लागणार नाहीत. ज्या अमेरिकी अभ्यासानं हे औषध उभं केलं तो १९९५ सालचा. तीन तासांच्या आत अल्टेप्लेज दिलेल्यांत तीन महिन्यांनी १०० पैकी ३९ जण जवळपास पूर्ववत होते. न दिलेल्यांत २६. मेंदूत तब्येत बिघडवणारा रक्तस्राव दिलेल्यांत १०० मागे सहा जणांना, न दिलेल्यांत एकालाही मुश्किलीनं. आणि तो रक्तस्राव धरूनही मृत्यू दिलेल्यांत वाढले नाहीत. साडेचार तासांपर्यंतची मुभा २००८ च्या युरोपातल्या अभ्यासानंतर मिळाली, पण साडेचार ही एरवीची शेवटची रेघ आहे. अजून तास आहे म्हणून बसायचं नसतं. सहीच्या वेळी मी जाऊबाईंना एवढंच म्हटलं, रक्तस्रावाची भीती खरी आहे आणि बरं होण्याची आशाही खरी आहे. त्यांनी सही केली. पुण्याला फोन नंतर गेला.

औषध वजनावर असतं, म्हणून वजन अंदाजे सांगू नका, माहीत असेल तेच सांगा. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, ९० च्या वर नाही. दिरांचं वजन ६०, म्हणजे ५४. त्यातला दहावा भाग, ५.४, मिनिटभरात ढकलायचा, उरलेले ४८.६ तासाभरात पंपावर. टेनेक्टेप्लेज हे त्याच घराण्यातलं नंतरचं, एकाच दमात देऊन मोकळं व्हायचं. कॅनडातल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात ते अल्टेप्लेजच्या तोडीचं ठरलं. नव्या सिस्टरांसाठी एक कानमंत्र: टेनेक्टेप्लेजचा हार्टचा डोस आणि मेंदूचा डोस वेगळा. हार्टला ५० मिलिग्रॅमपर्यंत जातो, मेंदूला या कॅनडाच्या अभ्यासात किलोला ०.२५ आणि जास्तीत जास्त २५. तीच बाटली, तेच नाव, म्हणून दुसर्‍या सिस्टरकडून मोजून घ्या. आणि पावडरमध्ये पाणी घातल्यावर बाटली खदाखदा हलवू नका, फेस होतो. तळहातात हळू फिरवा.

कधी कधी जाणकार नातेवाईक म्हणतात, "आमच्या काकांना अटॅक आला तेव्हा स्वस्तातलं दिलं होतं, तेच द्या." ते स्ट्रेप्टोकायनेज. हार्टमध्ये त्यानं पुष्कळ जीव वाचवले. लकव्यात १९९० च्या दशकात वापरून पाहिलं तेव्हा रक्तस्राव इतके झाले की ते अभ्यास मधेच बंद करावे लागले.

मोठी नस बंद असेल तर नुसत्या इंजेक्शननं भागत नाही. जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, साधारण सहा तासांत, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही. म्हणजे इंजेक्शनची वेळ गेली म्हणून घरी परत फिरू नका, विचारा.

<b>पहिली रात्र</b>

इंजेक्शन झाल्यावर नातेवाइकांनी करायचं फार नाही, पण न करायचं बरंच. सिस्टर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासानं, मग २४ तास पुरे होईपर्यंत दर तासाला बीपी आणि हातपाय बघतात. "झोपू द्या ना जरा त्यांना" असं म्हणू नका. बीपी १८०/१०५ च्या खाली हवं असतं. एकदम जोराचं डोकं दुखणं, उलटी, पुन्हा गुंगी, हात आधीपेक्षा जड, हे दिसलं तर बेल वाजवत बसू नका, जाऊन हाताला धरून आणा. ओठ किंवा जीभ सुजताना दिसली तरी तसंच. बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्या घेणार्‍यांत हे जास्त होतं. दाढी करू नका, दात घासू नका, विनाकारण सुया नकोत. ॲस्पिरिन २४ तासांनी, दुसरा सीटी पाहून.

दिरांना ७.०५ ला इंजेक्शन सुरू झालं. ३.२२ पासून मोजलं तर तीन तास त्रेचाळीस मिनिटं. पहाटे त्यांनी जाऊबाईंना नावानं हाक मारली, जे त्यांनी चाळीस वर्षांत चारचौघांत कधी केलं नव्हतं. आज बोलणं जवळपास साफ आहे. उजव्या हाताची बोटं मात्र शर्टाचं बटण लावत नाहीत. जवळच्या त्या दवाखान्यात गेलेली पस्तीस मिनिटं मला त्या बटणात दिसतात.

<b>आणि नळीतली गुठळी</b>

डायलिसिसच्या काही पेशंटच्या छातीत परमकॅथ असतो, म्हणजे मशीनला जोडायची नळी; केमोवाल्यांना कातडीखालचं पोर्ट किंवा दंडातली लांब नळी. ही नळी म्हणजे पेशंटची जीवनदोरीच, आणि तीत रक्त साकळलं की बंद. इथं तेच अल्टेप्लेज वापरता येतं, पण ५४ मिलिग्रॅम नाही, फक्त २, तेही २ मिलिलिटरमध्ये. ते अंगात सोडायचं नसतं, नळीत भरून ठेवायचं असतं. आमच्याकडे युरोकायनेज जास्त दिसायचं, खर्चामुळे. तत्त्व तेच.

घरच्यांनी आधी एवढं समजून घ्यावं की दोन डायलिसिसच्या मधे नळीत जे हेपॅरिन भरतात ते नवी गुठळी होऊ देत नाही, झालेली विरघळवत नाही. "हेपॅरिन जास्त टाका सिस्टर" हा आग्रह म्हणून फुकट. नळीच्या लाल आणि निळ्या तोंडावर बारीक आकड्यात तिचं माप छापलेलं असतं, १.६, १.७ असं काहीतरी. तेवढंच भरायचं. जास्त भरलं तर ते अंगात जातं आणि रक्त थांबेना होतं.

नळी चालेना म्हणून लगेच औषध मागू नका. आधी क्लॅम्प (नळीवरचा चाप) उघडा आहे का, नळी ड्रेसिंगखाली मुडपली आहे का, टाका आवळला आहे का, ते बघतात. मान वळवा, खोका, हात वर करा, आडवे व्हा. निम्म्या वेळा गंमत तिथंच संपायची, निदान आमच्या युनिटमध्ये. दंडातल्या नळीत औषधांचा खडा धरलेला असू शकतो, फेनिटॉइन, कॅल्शियम वगैरेंचा, आणि तो फायब्रिनच्या कात्रीनं कापला जात नाही. तेव्हा शेवटचं कोणतं औषध त्या नळीतून गेलं ते सांगा. आत पाणी जातं पण बाहेर रक्त येत नाही, असं असेल तर नळीच्या टोकाला फायब्रिनचा पापुद्रा आहे असं समजा. ढकललं की दार उघडतं, ओढलं की लागतं. त्याला औषध चांगलं लागू पडतं.

जोर कधीच लावायचा नाही. सिरिंज १० मिलिलिटरची किंवा मोठी हवी, कारण जितकी बारीक सिरिंज तितका आत दाब जास्त. एका पेशंटच्या गल्लीतल्या कंपाउंडरनं त्याच्या परमकॅथमधून ताकदीचं सलाईन लावलं, अडकलं म्हणून २ मिलिलिटरच्या सिरिंजनं रेटलं. नळी फाटली. डायलिसिसच्या नळीला डायलिसिसच्या माणसांशिवाय कोणी हात लावायचा नाही, डॉक्टर असला तरी.

औषध भरल्यावर अर्धा तास थांबून ओढून बघतात. नाही आलं तर आणखी थांबून, एकूण दोन तासांपर्यंत. तरी नाही तर दुसरा डोस. अमेरिकेत २००१ मध्ये या कामासाठी मंजुरी मिळाली, त्याच्या अभ्यासांत पहिल्या डोसनं सुमारे तीन चतुर्थांश नळ्या उघडल्या, दुसर्‍यानं दहातल्या जवळपास नऊ. उघडली की ४-५ मिलिलिटर रक्त ओढून टाकून देतात, मग सलाईननं थांबत-थांबत फ्लश, आणि शेवटचा थेंब ढकलता ढकलताच क्लॅम्प बंद. थंडी वाजून ताप येत असेल, नळीच्या तोंडाशी पू असेल, किंवा मान-हात सुजला असेल, तर ते वेगळं दुखणं. ते आधी सांगा, नळी उघडायची घाई नको.

आणि इथंही प्रश्न तोच, गुठळी किती दिवसांची? काटोलकडचे एक संत्र्याच्या बागेवाले काका होते, आठवड्यातून तीनदा बसनं यायचे. रक्त ओढणारा पंप मिनिटाला ३०० मिलिलिटरवर ठेवला की मशीन ओरडायचं, २०० वर आणलं की गप्प. काही सिस्टरा लाल-निळी तोंडं उलटी जोडून वेळ निभावून न्यायच्या. काका तक्रार करायचे नाहीत, कारण तक्रार केली की उशीर, आणि चारची बस चुकणार. असे तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी नळी ठार बंद. दोन्ही तोंडांत औषध दोनदा भरलं, दोन-दोन तास थांबलो, काही नाही. कढई वाळली होती. नवी नळी घालावी लागली, दोन दिवस भरती, आणि मधल्या काळात अंगात पाणी चढून दम लागला तो वेगळाच.

नव्या नळीसोबत मी त्यांना शाळेची एक चाळीस पानी वही दिली. तीन रकाने: तारीख, पंप किती, अलार्म किती. सलग दोन वेळा पंप खाली आणावा लागला किंवा तोंडं उलटी जोडली तर पुढच्या वेळी मशीन जोडायच्या आत मला सांगायचं. माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ती वही माझ्यापुढं धरली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "११.१०. लाल तोंड, अलार्म ३. मागच्या वेळी २. सिस्टरला सांगितलं." औषध भरलं, अर्ध्या तासात रक्त आलं, पंप ३०० वर गप्प चालला. चारची बस गेली. काका पाचच्या बसनं गेले.